बेअरिंग, टाइम ऑफिस आणि मिरामिची: अटलांटिक प्रोग्रामनं कॅनडाला आलो त्याचा अनुभव

आठवड्यातून दोन-तीन मेसेज तरी येतातच. कारखान्यातल्या जुन्या लोकांचे, कुणाच्या मेहुण्याचे, कुणाच्या जावयाचे. कॅनडाला यायचंय, किती पैसे लागतात, एजंट कोण होता, आयईएलटीएसची इंग्लिश परीक्षा अवघड आहे का. सगळ्यांना व्हॉइस नोट पाठवतो पण दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. लांबलंय, पण ज्याला खरंच करायचंय त्यानं शेवटपर्यंत वाचा.

आधी माझ्याबद्दल. सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर म्हणून लागलो, मेकॅनिकल डिप्लोमा २००८ चा, सुरुवातीची काही वर्षं सिझनल परमनंट, म्हणजे गळीत हंगामात पूर्ण पगार आणि ऑफ सिझनला रिटेन्शन अलाउन्स, आणि २०१६ पासून बारमाही कायम. शेवटी मेंटेनन्स फोरमन होतो. आता कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिची नावाच्या गावाजवळ एका लाकडाच्या मिलमध्ये मिलराइट म्हणून काम करतो. मिलराइट म्हणजे आपल्याकडचा फिटरच, कन्व्हेअर, गिअरबॉक्स, बेअरिंग, अलाइनमेंट, सगळं तेच. तिकडं केन कॅरिअरच्या चेनवर ऊस चढायचा, इथं तशाच चेनवर ओंडके चढतात.

आता मूळ गोष्ट. कॅनडा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात एकच रस्ता असतो, एक्स्प्रेस एन्ट्री, वय-शिक्षण-इंग्लिशचे पॉइंट, त्यांची बेरीज म्हणजे सीआरएस स्कोअर. त्यात माझ्यासारख्या पस्तिशी गाठलेल्या डिप्लोमावाल्याचा नंबर लागणं अवघडच, मी २०२१ मध्ये स्कोअर काढून बघितला होता आणि विषय सोडून दिला होता. पण कॅनडात प्रांतांचे आणि भागांचे वेगळे रस्ते आहेत हे मला माहीतच नव्हतं. अटलांटिक समुद्राकडचे चार प्रांत, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्रडॉर, इथं तरुण पोरं बाहेर जातात, म्हातारी माणसं उरतात आणि मिलला, फिश प्लांटला, नर्सिंग होमला माणूस मिळत नाही. म्हणून २०१७ ला त्यांच्यासाठी पायलट म्हणून एक योजना काढली आणि २०२२ पासून ती कायमची केली, तीच अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम. यात पॉइंटची शर्यत नाही. प्रांतानं मान्यता दिलेल्या, म्हणजे डेझिग्नेटेड, कंपनीनं तुम्हाला नोकरी द्यायची, प्रांतानं त्या ऑफरवर शिक्का मारायचा आणि मग फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारकडं पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, अर्ज. एलएमआयए, म्हणजे स्थानिक माणूस मिळत नाही म्हणून बाहेरचा घेऊ द्या अशी सरकारी परवानगी, कंपनीला लागत नाही. आयईएलटीएसही माझ्या लेव्हलच्या कामाला सीएलबी ५ पुरतो (सीएलबी ही कॅनडाची भाषेची मोजपट्टी), म्हणजे जनरलमध्ये लिसनिंग, रायटिंग, स्पीकिंग पाच-पाच आणि रीडिंग चार. मराठी मीडियमच्या माणसाला तीन महिने रोज तासभर बसलं की हे जमतं, मला जमलं.

हे मला सांगितलं कुणी, तर कुठल्या एजंटनं नाही. पुण्यात एका ऑफिसात २०२२ च्या फेब्रुवारीत गेलो होतो, काचेचं केबिन, भिंतीवर झेंडे. त्यांनी मला १८ लाख सांगितले, जॉब ऑफरसकट. निम्मे आधी, निम्मे व्हिसा आल्यावर. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मळ्याकडंचा तुकडा काढूया की मग." त्या रात्री झोप लागली नाही. ज्या तुकड्यात आजोबांनी विहीर पाडली तो विकून मी नोकरी विकत घ्यायची, हे काही मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी कॅनडा सरकारची साइट उघडून बसलो आणि तिथं स्वच्छ लिहिलेलं, नोकरी देण्याबद्दल कंपनीनं किंवा भरती करणाऱ्यानं कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. अर्ज भरायला मदत हवी असेल तर लायसन्सवाला कन्सल्टंट घेता येतो, त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे कन्सल्टंटना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरवर नाव शोधून खात्री करता येते, त्याची फी वेगळी गोष्ट. पण नोकरीची किंमत नसते. हे वाक्य मी आजही प्रत्येकाला पहिलं सांगतो कारण आपल्या भागात कितीतरी घरांनी यात जमिनी घालवल्यात आणि ते बोलतही नाहीत.

चारही प्रांत डेझिग्नेटेड कंपन्यांची यादी साइटवर टाकतात. मी ती यादी घेऊन बसलो. रोज शिफ्टवरून आलो की एक-एक कंपनीचं नाव शोधायचं, ती काय बनवते, तिथं मशिनरी कुठली, मेंटेनन्सची जागा निघालीये का बघायचं. एकाच सीव्हीची शंभर जणांना कॉपी पाठवली नाही. लाकडाच्या मिलला लिहिताना चेन कन्व्हेअरबद्दल लिहिलं, फिश प्लांटला लिहिताना पंप आणि बॉयलरबद्दल. एप्रिल ते सप्टेंबर साठेक मेल गेले, तीन उत्तरं आली, त्यातली दोन 'सध्या जागा नाही' अशी. तिसरं या मिलचं.

इंटरव्ह्यू ऑक्टोबरमध्ये झाला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, तिकडं सकाळचे अकरा. घरातल्या मधल्या खोलीत बसलो, बायकोनं पोरांना शेजारी पाठवलेलं. एचआरच्या बाईंनी जुजबी विचारलं, मग प्लांटचा मेंटेनन्स मॅनेजर आला, हातात एक काळंकुट्ट बेअरिंग. ते त्यानं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाला, हे तीन महिन्यांत गेलं, का गेलं असेल सांग. स्फेरिकल रोलर बेअरिंग होतं, दोन ओळीचं. मी म्हटलं जरा फिरवा, उजेडाकडं धरा. त्यानं आतली रेस, म्हणजे रोलर जिच्यावरून फिरतात ती कडी, दाखवली. एका बाजूच्या ओळीखाली रेस पूर्ण उखडलेली, पापुद्रे निघालेले, आणि दुसरी ओळ जवळजवळ कोरी. मला लगेच आमच्या बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढणारा पंखा, आठवला. तिथं अगदी हेच झालं होतं, शाफ्ट गरम होऊन लांबीला वाढतो आणि एका टोकाचं बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकायला मोकळं पाहिजे, ते कुणीतरी रिंग टाकून दोन्हीकडं जाम केलेलं. मग सगळा रेटा एकाच ओळीवर येतो. माझं इंग्लिश तुटकं होतं, मी 'शाफ्ट ग्रो, नो प्लेस टु गो, बोथ साइड लॉक' असंच म्हणालो आणि दोन्ही हातांनी करून दाखवलं. तो दोन सेकंद गप्प बसला आणि मग बाजूच्या माणसाकडं बघून हसला. पुढचा अर्धा तास आम्ही फॅनबद्दलच बोललो. मला तेव्हाच आतून वाटलं की हे होणार. डिसेंबरात ऑफर आली.

हे सांगायचं कारण, लोक मला विचारतात इंग्लिश किती लागतं. कागदावर सीएलबी ५ लागतो. पण समोरच्याला जे हवंय ते तुमच्या हातात आहे का, यावर सगळं आहे. या रस्त्यात नोकरी देणारा माणूस खरंच अडलेला असतो. त्याची मिल थांबलेली असते.

आता कागदपत्रं. इथं माझा खरा घाम निघाला, आणि तो कॅनडाच्या बाजूनं नाही, आपल्याच बाजूनं.

नियम असा की गेल्या पाच वर्षांत त्या प्रकारच्या कामाचे १,५६० तास पाहिजेत, किमान बारा महिन्यांच्या काळात केलेले. मला वाटलं यात काय, दहा वर्षं झालीत. पण ते सिद्ध होतं अनुभवाच्या पत्रावर, आणि पत्रात हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पाहिजे. मी टाइम ऑफिसला, म्हणजे कारखान्यातल्या हजेरी-नोंदीच्या ऑफिसला, अर्ज दिला. आठवड्यानं पत्र हातात आलं, चार ओळींचं: सदर इसम आमचे कारखान्यात फिटर, सिझनल, या पदावर कार्यरत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. झालं. सिझनल हा शब्द माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ऑर्डरवरून उचललेला, २०१६ ची कायम केल्याची ऑर्डर फाइलला होती पण बघितली कुणी नव्हती.

हा एक शब्द किती महागात पडला असता ते समजून घ्या. हंगाम साधारण दीडशे दिवसांचा धरला, रोज आठ तास, तर १,२०० तास होतात. म्हणजे एका हंगामात १,५६० भरतच नाहीत. अधिकाऱ्यानं ते पत्र वाचलं असतं तर त्याला प्रश्न पडणारच की हा माणूस वर्षातले सहा-सात महिने करतो काय. जे अजून सिझनल आहेत त्यांनी घाबरू नका, दोन-तीन हंगामांची बेरीज होते, सलग असायची गरज नाही, पण ऑफ सिझनचे तास काम न करता धरायचे नाहीत. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं तर पाच वर्षं बंदी बसते.

परत टाइम ऑफिसला गेलो. जानेवारी महिना, गाळप जोरात, कुणाला वेळ नाही. पाच खेपा मारल्या. "असलं पत्र आपण कुणाला देत नाही, आपला नमुना ठरलेला आहे," असं उत्तर. त्यांचं पण बरोबर असेल, त्यांच्याकडं असलं कुणी मागितलंच नव्हतं कधी, आणि आठवड्याला किती तास हे लिहून दिलं तर उद्या ओव्हरटाइमचा वाद निघेल अशी भीती. शेवटी आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांकडं गेलो. साहेबांनी रात्री पाळीत बसून माझ्या कामाची यादी स्वतः इंग्लिशमध्ये लिहून दिली, आठ मुद्दे, मिल रोलर बदलण्यापासून टर्बाइनच्या अलाइनमेंटपर्यंत, खाली ४८ तास आठवड्याला. ते घेऊन एम.डी. साहेबांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "जाऊ दे साहेब पोराला, चांगला हात आहे." सही झाली. त्या दिवशी पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसून मी दहा मिनिटं नुसता तो कागद बघत होतो. चीफ साहेब मला त्या महिन्यात नाही म्हणू शकले असते, ऐन हंगामात फोरमन जाणं म्हणजे त्यांचीच अडचण होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच्या जोडीला पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, फॉर्म १६ आणि कायम केल्याची ऑर्डर भाषांतर करून लावली. मराठी कागद असेल तर भाषांतरासोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची कॉपी, तिन्ही लागतात. शिक्षणाचं मूल्यमापन डब्ल्यूईएस नावाच्या संस्थेकडून केलं, त्यासाठी तंत्रशिक्षण मंडळाचं ट्रान्सक्रिप्ट काढायला बांद्र्याला खेरवाडीत दोनदा गेलो. माझ्या कामाच्या लेव्हलला फक्त कॅनडातल्या बारावीइतकं शिक्षण पुरतं त्यामुळं तिथं अडचण आली नाही. बायकोच्या नावाचा घोळ मात्र सगळ्यांच्याच घरी असतो, लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नानंतरचं पासपोर्टवर, मधलं नाव एकीकडं वडलांचं एकीकडं माझं. मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट दोन्ही लावा आणि एक साधं पत्र लिहा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची. धाकटीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, ग्रामपंचायतीत ते घालून घेतलं. हे सगळं ऑफर यायच्या आधी करून ठेवा, मी नंतर केलं आणि महिना गेला.

आता त्या कागदाबद्दल ज्याला कुणीच महत्त्व देत नाही, सेटलमेंट प्लॅन. अटलांटिक प्रोग्राममध्ये प्रांताची मान्यता मिळायच्या आधी तिथल्या सेटलमेंट संस्थेशी तुमचं बोलणं होतं आणि ते तुमच्या कुटुंबासाठी एक आराखडा करून देतात, फुकट. मला वाटलं फॉर्मॅलिटी असेल. पावणेदोन तास व्हिडिओ कॉल चालला. त्या बाईंनी माझ्या नोकरीबद्दल दोन प्रश्न विचारले असतील, बाकी सगळं बायको आणि पोरांबद्दल. तुमच्या मिसेस काय करतात, त्यांना गाडी चालवता येते का, त्या घरी एकट्या पडतील तेव्हा कुणाशी बोलतील, पोरांना कसली ॲलर्जी आहे का, मोठ्याला कुठला खेळ आवडतो. बायकोला इंग्लिश बोलायची सवय नव्हती, ती पदर सावरत बाजूला बसलेली. त्या बाईंनी तिला थेट विचारलं की तुम्हाला स्वतःला काय करायचंय. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आय वॉन्ट टीच स्मॉल चिल्ड्रन." लग्नाआधी तिनं डी.एड. केलं होतं, नंतर ते तसंच राहिलं. बारा वर्षांत हा प्रश्न मीसुद्धा तिला कधी विचारला नव्हता. कॉल संपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. त्याच संस्थेनं इथं आल्यावर तिला इंग्लिशच्या क्लासला घातलं, मग लहान मुलांच्या संगोपनाचा प्राथमिक कोर्स झाला आणि आज ती इथल्या डेकेअरमध्ये काम करते.

प्रांताचं एन्डोर्समेंट, म्हणजे मान्यता, मार्चमध्ये आलं. त्यासोबत वर्क परमिटसाठी रेफरल लेटर मिळालं, त्यावर आधी परमिट घेऊन येता येतं आणि पीआरची फाइल मागून चालू राहते. परमिटची फी १५५ डॉलर, बायोमेट्रिक ८५, पुण्याच्या व्हीएफएस व्हिसा सेंटरला बोटांचे ठसे दिले. मेडिकल पॅनेलवरच्या डॉक्टरकडंच करावं लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. पीआरचा अर्ज मे २०२३ मध्ये भरला, तेव्हा मोठ्या माणसाला ८५० अधिक ५१५ म्हणजे १,३६५ डॉलर आणि मुलाला २३०, आमचे चौघांचे मिळून ३,१९० झाले. २०२४ च्या एप्रिलअखेर फी वाढून माणशी १,५२५ आणि मुलाला २६० झाली. एकूण सगळं धरून, आयईएलटीएस, डब्ल्यूईएस, भाषांतरं, मेडिकल, विमानाची तिकिटं, माझा खर्च १८ लाखांच्या निम्म्यालाही गेला नाही. मळ्याकडचा तुकडा अजून आमच्याच नावावर आहे आणि अण्णा त्यात यंदा हळद करतायत.

एक सांगायचं राहिलं. बाहेरून येताना खात्यावर ठरावीक रक्कम दाखवावी लागते, ती एक्स्प्रेस एन्ट्रीपेक्षा खूपच कमी असते, आणि कॅनडात आधीच परमिटवर काम करत असाल तर तीसुद्धा लागत नाही.

जुलैमध्ये मी एकटा आलो. मुंबई, टोरंटो, तिथून मंक्टन. टोरंटोला अधिकाऱ्यानं परमिट छापून दिलं, ते तिथंच उभं राहून वाचा, नाव, कंपनी, तारीख, काही चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त होतं, बाहेर पडलात की महिने जातात. मंक्टनला एचआरच्या त्या बाई स्वतः गाडी घेऊन आलेल्या. दीड तास दोन्ही बाजूंना नुसतं जंगल, गाव नाही माणूस नाही, आणि मग एकदम नदी. मिरामिची नदी, सामन माशासाठी प्रसिद्ध, आपल्या कृष्णेपेक्षा रुंद. गावाची वस्ती १७-१८ हजार. १९९५ मध्ये न्यूकॅसल, चॅटम आणि आजूबाजूची गावं एकत्र करून हे शहर केलंय. पेपर मिल होती मोठी, ती २००७ ला बंद झाली. माझ्याबरोबरचा वयस्कर मिलराइट तिथंच शिकलेला, त्याचे दोन्ही मुलगे तेव्हा आल्बर्टाला गेले ते गेलेच. तो मला एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला की माझी टूलबॉक्स कुणाला द्यायची हा प्रश्न मला दहा वर्षं होता. गेल्या वर्षी रिटायर होताना त्यानं त्याचे डायल इंडिकेटर आणि फीलर गेज मला दिले. ते मी रोज वापरतो.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. उणे २५ ला गाडीला रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावून ठेवावा लागतो, आणि बस आहे पण ती शिफ्टच्या वेळेला नाही, म्हणून लायसन्स पहिल्या महिन्यातच मागं लागून काढा. भाड्याचं घर मिळायला मात्र खरोखर त्रास होतो, मला सात आठवडे लागले, तोपर्यंत कंपनीच्या एका माणसाच्या तळघरात राहिलो. घर मिळाल्यावरच ऑक्टोबरात बायको-पोरं आली, तिला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करता येईल असं, मिळालं होतं. आता हे बदललंय, २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन परमिटचे नियम कडक झालेत, त्यामुळं तुमच्या बाबतीत ते मिळतं का हे आधी बघा. पीआर एप्रिल २०२४ ला आलं, अकरा महिन्यांनी, ईमेलवर. रात्रपाळी होती. फोटो अपलोड करा म्हणून लिंक आली तेव्हा मी प्लेनरच्या, म्हणजे लाकडाला रंधा मारणाऱ्या मशिनच्या, खाली ग्रीस लावत होतो, तसाच बाहेर येऊन सुपरवायझरला दाखवलं, त्यानं पूर्ण शिफ्टला ओरडून सांगितलं.

आता धंदेवाल्यांसाठी थोडं, कारण माझा मावसभाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी आहे आणि त्याला पण यायचंय, पण नोकरीला नाही, स्वतःचा धंदा टाकायला. बऱ्याच प्रांतांचा उद्योजकांसाठी वेगळा रस्ता आहे. त्यानं नोव्हा स्कोशियाचा बघितला. हॅलिफॅक्समध्ये धंदा करायचा तर निव्वळ मालमत्ता ६ लाख कॅनेडियन डॉलरची आणि त्यातली किमान दीड लाखाची गुंतवणूक, हॅलिफॅक्सच्या बाहेर गेलात तर ४ लाख आणि १ लाख. इथंही तेच, लहान गावाला येणाऱ्याला सूट. पीआर लगेच मिळत नाही, आधी वर्क परमिटवर येऊन किमान वर्षभर धंदा स्वतः उभं राहून चालवायचा, मग प्रांत नाव पुढं पाठवतो.

दादाला, म्हणजे या मावसभावाला, वाटलं माझ्याकडं जमीनच तेवढ्याची आहे. आहेच. पण मालमत्ता बाहेरच्या मान्यताप्राप्त फर्मकडून तपासून घ्यावी लागते आणि पैसा कुठून आला त्याचा माग दाखवावा लागतो. सातबारा काढला तर त्यावर आठ नावं, तिघं चुलते, दोन आत्या, एक चुलता तर वारलेला आणि वारस लागलेले नाहीत. सामाईक क्षेत्र. त्यातला याचा हिस्सा किती, कागद सांगत नाही. हळदीचा निम्मा व्यवहार रोखीतला, शेतीचं उत्पन्न रिटर्नमध्ये कधी नीट दाखवलंच नाही कारण त्यावर टॅक्सच नसतो. माणूस खरा श्रीमंत, कष्टानं कमावलेलं, पण तपासणाऱ्याच्या टेबलावर त्यातलं निम्मं दिसतच नाही. मी त्याला म्हटलं, दादा, आधी वाटप करून घे, वारस नोंदी कर, तीन वर्षं शेतीचं उत्पन्न रिटर्नला दाखव, सगळा व्यवहार बँकेतून ने, मग बोलू. त्याचं कलम ८५ खालचं वाटप आता तहसीलदारांकडं चालू आहे. एका आत्याची सही राहिलीये.

आत्ता ज्यांना सुरुवात करायचीये त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, माझ्या वेळची परिस्थिती आता नाही. प्रांतांचा नॉमिनी कोटा, म्हणजे प्रांतांनी पीआरसाठी नावं पाठवायचा कोटा, २०२४ ला १ लाख १० हजार होता तो २०२५ ला निम्मा, ५५ हजार केला. अटलांटिक प्रोग्रामचं टार्गेट २०२४ च्या ६,५०० वरून २०२५ ला ५,००० वर आणि २०२६ ला ४,००० वर आलं. २०२६ साठी प्रांतांचं टार्गेट मात्र परत वाढवून ९१,५०० केलंय. या कपातीमुळं प्रांत आता निवडक क्षेत्रं घेतात, आरोग्य, बांधकाम, ट्रेडवाले यांना आधी, हॉटेल-रेस्टॉरंटला मागं. मध्येच इनटेक, म्हणजे अर्ज घेणं, बंद पण होतं. जानेवारी २०२५ ला ग्रामीण भागासाठी आणखी एक पायलट निघालाय, १४ गावांचा, त्यात नोव्हा स्कोशियातलं पिक्टू काउंटी आहे, तेही बघा. कुणी दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दाखवून पैसे मागत असेल तर थेट प्रांताच्या साइटवर जाऊन आजची तारीख बघा.

आणि एक विनंती, मनापासून. माझ्या आधी-नंतर या मिलमध्ये आपल्या देशातले पाच जण आले, त्यातले तिघं पीआर हातात पडल्यावर दोन-तीन महिन्यांत टोरंटोजवळच्या ब्रॅम्पटनला गेले. कायद्यानं जाता येतं, पीआरवाल्याला देशात कुठंही राहायचा हक्क आहे. पण अर्ज करताना आपण इथं राहणार असं सांगून आलेलो असतो. तिसरा गेला त्या आठवड्यात मॅनेजर माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तू पण जाणारेस का, खरं सांग, म्हणजे मला तयारी करता येईल. मला फार लागलं ते. त्यानं चिडून विचारलं नव्हतं. पुढं सात महिने कंपनीनं बाहेरून माणूस घ्यायचं थांबवलं होतं, आणि त्याच काळात आपल्याकडच्या किती चांगल्या फिटरचे मेल त्यांच्याकडं पडून राहिले ते मला माहितीये कारण दोन तर मीच पाठवायला सांगितले होते. ज्याला टोरंटोलाच राहायचंय त्यानं टोरंटोचाच रस्ता धरावा, अवघड असला तरी. इथं यायचं तर ऑफर सही करायच्या आधी नकाशावर गाव उघडून बघा, शाळा कुठंय, दवाखाना किती लांब, किराणा कुठं मिळतो, जानेवारीत काय असतं, आणि बायकोला बाजूला बसवून बघा.

आम्ही राहणार आहोत. धाकटी फ्रेंच इमर्शनला आहे, घरात मराठी, बाहेर इंग्लिश, शाळेत फ्रेंच, तिला काही वाटत नाही. मी रेड सीलची, म्हणजे ट्रेडवाल्यांच्या कॅनडाभर चालणाऱ्या सर्टिफिकेटची, तयारी करतोय, ७० टक्के लागतात, हिवाळ्यात परीक्षा द्यायचा विचार आहे.

परवा मिल हाऊसमधल्या आमच्या जुन्या हेल्परचा मेसेज आला. तो आता फिटर झालाय, अजून सिझनल आहे. मी त्याला चीफ साहेबांनी लिहून दिलेल्या पत्राचा नमुना पाठवला, त्याच्या कामाप्रमाणं बदलून, आणि तीन हंगामांचे तास वेगवेगळे मांडून दिले. काल त्याचं उत्तर आलं: "दादा, टाइम ऑफिसला दिलंय. सोमवारी या म्हणालेत."